गिअरचा दांडा थरथरतो, तेवढ्यासाठी इंजिन उतरवू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वाहनविषयक पानावर एका वाचकाने आपल्या १९६९ सालच्या एमजीबी या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारविषयी विचारलेला प्रश्न आणि त्याला दिलेले उत्तर वाचले. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ३,००० च्या आसपास गेल्या की गिअरचा दांडा थरथरू लागतो, त्यातून बारीक खणखणाट येतो आणि फेऱ्या आणखी वाढवल्या की तो आपोआप थांबतो, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर गिअरबॉक्समधील बेअरिंग झिजली असावीत, तेव्हा तो उतरवून उघडावा किंवा सरळ हल्लीच्या काळातील पाच गिअरचा बॉक्स बसवून घ्यावा, आणि तोवर दांड्यावर जड मूठ बसवून वेळ भागवावी, असे उत्तर देण्यात आले. हे उत्तर देणाऱ्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. परंतु या विशिष्ट गाडीच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहे, आणि संबंधित वाचकाने तो अमलात आणण्यापूर्वी त्याची दुरुस्ती छापली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चुकीचा म्हणण्याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. अनेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्स खालून सुटा उतरवता येतो, एमजीबीत सर्वसाधारणपणे तसे करता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी एकत्रच वर उचलून काढावी लागते. म्हणजे रेडिएटर काढणे, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट सोडवणे, मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवणे, चेन-पुलीची व्यवस्था करणे, हे सारे ओघाने आलेच. पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाडीत हे काम निव्वळ मजुरीपुरते राहत नाही. सोडवलेला प्रत्येक गंजका बोल्ट, प्रत्येक वाळलेली रबरी नळी आणि प्रत्येक ठिसूळ वायर पुन्हा जोडताना नवे दुखणे होऊन समोर उभी राहते. याउलट ज्या सुट्या भागांवर या थरथरीचा पहिला संशय घ्यायला हवा, ते चालकाच्या आसनावर बसून, गाडीच्या आतूनच हाती लागतात आणि त्यांची किंमत इंजिन उतरवण्याच्या मजुरीपुढे नगण्य असते.

आपल्याकडील चांगले चांगले मेकॅनिकही येथे गिअरबॉक्सच्या पोटाकडे का वळतात, याचे एक कारण मला दिसते. एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. (हल्ली एमजी म्हटले की तरुण वाचकांना हलोलच्या कारखान्यातून येणाऱ्या गाड्या आठवतात, त्यांचा हिच्याशी संबंध नावापुरताच.) तिचे १,७९८ सीसीचे इंजिन बी-सिरीज या घराण्यातले, आणि आपल्या ॲम्बॅसडरचे जुने १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे ॲम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीचे इंजिन परके वाटत नाही. परंतु गिअरच्या दांड्याचे तसे नाही. ॲम्बॅसडरचा आणि पद्मिनीचाही दांडा वर्षानुवर्षे स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेला असे, आणि तेथून सळ्या व जोडपट्ट्यांमार्फत हुकूम खाली गिअरबॉक्सपर्यंत जात असे. तेथे खडखडाट झाला तर सळ्यांच्या टोकांचे बुश (झीज सोसणाऱ्या बांगड्या) बदलायचे, हे सर्वांना पाठ होते. एमजीबीत सळ्या नाहीत. दांडा सरळ गिअरबॉक्सच्या मागच्या शेपटावर, एका छोट्या बुरुजात उभा आहे. तो गिअरबॉक्सवरच उभा असल्यामुळे त्याची थरथर म्हणजे गिअरबॉक्सचीच थरथर, असा समज सहज होतो.

प्रत्यक्षात या बुरुजाची रचना समजून घेतली की बराचसा संशय फिटतो. दांड्याच्या मधल्या भागात एक गोळा असतो व तो बुरुजातील वाटीत बसतो. दांडा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे फिरतो तो या गोळ्यावर. दांड्याचे खालचे टोक आतल्या गिअर बदलणाऱ्या शाफ्टच्या खाचेत शिरते. दोन्ही ठिकाणी थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर गिअर घालताना हाताला जडपणा येईल. ही मोकळीक वाजू नये म्हणून कारखान्याने दोन उपाय योजले. खालच्या टोकावर नायलॉनचा छोटा बुश चढवला, आणि दांडा सतत एका बाजूला दाबून राहावा म्हणून स्प्रिंगच्या जोरावर चालणारा एक प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या, दिला. आवाज गिळणे एवढेच या भागांचे काम आहे, आणि ते झिजण्यासाठीच असतात. वर्षानुवर्षांची उष्णता आणि तेल यांमुळे नायलॉन कडक होते, त्याला चिरा जातात, कधी त्याचे तुकडे पडतात. स्प्रिंगचा ताण जातो किंवा ती तुटते. मग पोलादी टोक पोलादी खाचेत मोकळे फिरू लागते. इतक्या जुन्या गाडीत हा बुश शाबूत सापडला तरच नवल. आधीच्या एखाद्या मालकाने दांडा काढला असेल आणि परत बसवताना प्लंजर-स्प्रिंग जाग्यावर गेलीच नसेल, असेही असू शकते.

मग हा आवाज ३,००० फेऱ्यांनाच का येतो आणि पुढे का थांबतो? एका ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात पिस्टनच्या वर-खाली होण्यातून जे कंप उरतात, त्यांतले सर्वांत त्रासदायक कंप क्रँकशाफ्टच्या दुप्पट वेगाने येतात. मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. म्हणजे हे धक्के सेकंदाला १०० वेळा. वर मूठ असलेल्या लांब पोलादी दांड्याची स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते, आणि इंजिनाचे धक्के तिच्या जवळ आले की दांडा जोराने डोलू लागतो. बुश ठीक असेल तर तो हे डोलणे आतल्या आत जिरवतो, बुश गेलेला असेल तर दांडा रिकाम्या डब्यातल्या चमच्यासारखा वाजतो. फेऱ्या पुढे गेल्या की धक्के आणि दांडा यांचा मेळ सुटतो आणि शांतता येते. झिजलेल्या बेअरिंगचा आवाज असा ठरावीक पट्ट्यापुरता येऊन गप्प होत नाही. तो फेऱ्यांबरोबर आणि भाराबरोबर वाढत जातो. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी वर्णन इतके नेमके केले होते की निदान त्यातच अर्धे झाले होते, आणि उत्तरात नेमके त्याकडेच दुर्लक्ष झाले.

उरलेल्या अर्ध्या निदानासाठी गाडीखाली शिरण्याचीही गरज नाही. गाडी उभी ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून फेऱ्या सावकाश ३,००० पर्यंत न्याव्यात. उभ्या गाडीतही दांडा तसाच थरथरला, तर चाके, प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (सांधे) हे सारे संशयाबाहेर पडतात. मग दोन बोटांनी मूठ हलकेच एका बाजूला दाबावी; खणखणाट तत्क्षणी थांबला, तर दोष दांड्याच्या बैठकीत आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. चालत्या गाडीतली परीक्षाही सोपी आहे. ओव्हरड्राइव्ह (कमी फेऱ्यांत तोच वेग देणारी जादा गिअरची सोय) न लावता चौथ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांना ही गाडी ताशी सुमारे ८५ किलोमीटरने धावते, तर तिसऱ्यात तेवढ्याच फेऱ्यांना साठ-पासष्टने. थरथर दोन्ही गिअरमध्ये ३,००० लाच आली तर तिचे मूळ इंजिनाच्या बाजूला. दोन्हींत ती ८५ लाच आली, मग फेऱ्या कितीही असोत, तर मूळ मागे प्रोपेलर शाफ्टकडे. गिअरबॉक्स खरोखर आजारी असल्याच्या खुणा वेगळ्या असतात. इंजिन नुसते चालू असताना, न्यूट्रलमध्ये, घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते. किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटतो. किंवा एखाद्याच गिअरमध्ये आवाज येतो आणि चौथ्यात, जेथे शक्ती सरळ पार जाते, तेथे तो जवळपास नाहीसा होतो. यांपैकी काही आढळले तर माझा आक्षेप मी मागे घेतो आणि इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही हेही मान्य करतो.

आणखी एक शक्यता मात्र दांड्याला हात लावण्यापूर्वी पाहिलीच पाहिजे. इंजिनाच्या पुढच्या दोन रबरी माउंटिंगवर आणि गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवरील दोन रबरांवर या साऱ्या जोडीचा भार असतो. तेल गळून गळून ही रबरे फुगतात, मऊ पडतात, कधी धातूच्या पट्टीपासून सुटतात, आणि मग इंजिनाचे कंप जसेच्या तसे वर पोहोचतात. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना दांडा पुढे-मागे झुकत असेल तर आधी या रबरांकडे पाहावे. एक्झॉस्टचा पाइप तळाला कुठे टेकतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. रबरे गेलेली असताना नुसता बुश बदलला तर आवाज कमी होईल, पण थरथर राहील.

आता प्रत्यक्ष काम. दांड्याभोवतीची कड आणि चामडी किंवा रबरी पिशवी स्क्रू काढून सोडवावी. मधले कन्सोल असलेल्या गाडीत ते आधी काढावे लागते. त्याखाली गोळ्याला दाबून धरणारी झाकणपट्टी काही लहान बोल्टांनी धरलेली दिसते. येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. या गाडीचे आटे इंची मापाचे आहेत आणि पानेही इंचीच लागतात. ७/१६ इंची पाना लागणाऱ्या बोल्टाचे डोके ११.१ मिलिमीटरचे भरते; त्यावर ११ चा पाना नीट बसेलच असे नाही आणि १२ चा पाना डोके गोल करून ठेवतो. अरुंद जागेत डोके गेलेला बोल्ट काढण्याचा मनस्ताप इंची पान्यांच्या संचापेक्षा कितीतरी महाग पडतो. १९७७ पासूनच्या गाड्यांत ओव्हरड्राइव्हचे बटण मुठीतच असते आणि त्याच्या वायरी दांड्यातून जातात, म्हणून त्या गाडीत आधी बॅटरी सोडवावी. दांडा वर ओढताना दुसऱ्या हाताने त्याच्या तळाभोवती फडके धरावे, कारण प्लंजर स्प्रिंगच्या जोराने उडून नेमका आसनाखालच्या अंधारात जातो.

दांडा हातात आला की बुशचे जेवढे तुकडे दिसतील तेवढे चिमट्याने उचलून घ्यावेत. गोळ्यावर एका बाजूला चपटा, चकचकीत डाग पडला असेल तर तो किती खोल आहे ते नखाने पाहावे. नखाला कड लागत नसेल तर गोळा वापरण्याजोगा आहे. नवा बुश, नवी स्प्रिंग आणि नवा प्लंजर ग्रीस लावून बसवावेत, झाकणपट्टी सारख्या ताणाने आवळावी, आणि सगळे झाकण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून चारही गिअर व रिव्हर्स घालून पाहावेत. पिशवीच्या आतले रबरी झाकण फाटलेले असेल तर तेही बदलावे. गिअरबॉक्सची उष्णता आणि आवाज आत येतो तो बहुधा तेथूनच.

सुटे भाग परदेशातून मागवण्यास वेळ लागतो, म्हणून आपल्याकडे लेथवाल्याकडून बुश करून घेण्याची पद्धत आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. पुण्या-मुंबईत हे काम उत्तम करणारे टर्नर आहेत. अट एवढीच की तो पितळेचा करू नये. पितळ टिकते हे खरे, पण ते कंप जिरवत नाही, आणि आवाज घालवण्यासाठी केलेला भागच पुन्हा वाजू लागतो. साधे नायलॉन चालते, मात्र ते दमट हवेत ओलावा शोषून किंचित फुगते, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दांडा जड झाल्याचा अनुभव येऊ शकतो. डेलरिन या ओलावा फारसा न शोषणाऱ्या प्लास्टिकची कांडी मिळाली तर ती सर्वांत बरी. बुश हाताने सहज फिरावा पण डगडगू नये, इतपतच घट्ट हवा. फार घट्ट केला तर दांडा न्यूट्रलमध्ये आपणहून मध्ये येत नाही आणि दुसऱ्या गिअरऐवजी भलत्याच जागी जातो.

जड मुठीच्या सल्ल्याविषयी थोडे लिहितो. मुठीचे वजन वाढवले की दांड्याची कंपनसंख्या बदलते, म्हणून ३,००० चा खणखणाट काही काळ थांबतो हे खरे आहे, परंतु तो दुसऱ्या फेऱ्यांना सुरू होतो आणि दरम्यान पोलादी टोक आतल्या खाचेला झिजवतच राहते. बुश दोन-अडीचशे रुपयांत लेथवर होऊ शकेल, झिजलेली खाच मात्र इंजिन उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. स्प्रिंग हाताने ताणून परत बसवणे हाही असाच तात्पुरता इलाज. दांड्याच्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळणे त्याहून वाईट, कारण तिचे सुटलेले कपटे तेलात जातात आणि ज्या गाडीला ओव्हरड्राइव्ह आहे तिच्यात तेच तेल ओव्हरड्राइव्हच्या बारीक वाटांतून फिरत असते. आवाज दबावा म्हणून नव्वद नंबरचे जाड गिअर ऑइल ओतण्याचा सल्लाही गॅरेजमध्ये हमखास मिळतो. या गाडीच्या गिअरबॉक्सला निर्मात्यांनी इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० तेल सांगितले आहे, आणि जेथे ओव्हरड्राइव्ह आहे तेथे तर त्यात फेरफार करूच नये.

पाच गिअरच्या बॉक्सचा मुद्दा खर्चापुरता नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदणी मिळते. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेले वाहन त्यात बसत नाही. गिअरबॉक्सचे नाव या व्याख्येत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण एमजीबीला वेगळी चासी नाही. तळ, गिअरबॉक्सवरचा बोगद्यासारखा उंचवटा आणि बॉडी मिळून एकच सांगाडा आहे. नवा बॉक्स बसवताना मधला बोगदा कापावा लागला तर तो बदल सांगाड्यातलाच ठरू शकतो. १९६९ ची गाडी या नोंदणीला वयाने पात्र असताना, एका बुशसाठी तो धोका पत्करण्याचा सल्ला वर्तमानपत्रातून दिला जावा हे मला पटले नाही.

शेवटी सुटे भाग मागवण्याविषयी, कारण येथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात न खरखरता गिअर पडावा म्हणून वेग जुळवणारी रचना) नव्हते; त्यानंतरच्या बॉक्समध्ये ते चारही गिअरना आले, आणि दोन्ही बॉक्सचे दांडे व त्यांचे भाग वेगळे आहेत. उघड्या गाडीच्या चासी क्रमांकाची सुरुवात जीएचएन-३ अशी असेल तर जुना बॉक्स, जीएचएन-४ किंवा ५ असेल तर नवा, असे सर्वसाधारणपणे धरता येते. तथापि इतक्या वर्षांत बॉक्स बदललेला असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि गाडी चालण्याच्या वेगाने पुढे सरकत असताना क्लच दाबून पहिला गिअर घालून पाहावा. तो मुकाट्याने पडला तर चारही सिंक्रोमेशचा बॉक्स. दात खरखरले तर पहिला गिअर लगेच सोडून द्यावा आणि जुन्या बॉक्सचे भाग मागवावेत. मागणी नोंदवताना चासी क्रमांकाबरोबर या परीक्षेचा निकालही विक्रेत्याला कळवावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे